खडूचे गोल

घर पाहावं बांधून, म्हणतात.
माझं बांधायचं वय बँकेत गेलं,
म्हणून विकत घेऊन पाहू म्हटलं,
बेतूलला, साळ नदी समुद्रात शिरते तिथं,
एस्पेरान्सा कुलासोचं घर.
तीन खोल्या, बाल्कांव, विहीर,
आणि भिंतीला असला निळा रंग
की मी उंबऱ्यावरच हो म्हणून बसले होते.
भाऊ बेळगावहून फोनवर ओरडला,
आधी कुणा जाणत्याला दाखव.

उल्का प्रियोळकर फोंड्याहून स्कूटरवर आली.
शिडी शेजारच्या रेंदेराकडून मागून घेतली.
पंखे बंद करा, हे तिचं पहिलं वाक्य.
बोलू नका, हे दुसरं.
मग एवढीशी हातोडी घेऊन
भिंतीभिंतीशी टकटक करत फिरली.
आवाज भरीव आला की पुढं,
पोकळ आला की खडूनं गोल.

निळ्यावर पांढरे गोल.
चार. सात. अकरा.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेली मी,
गोलागणिक किती हजार पाडून मागायचे
ते मनात मांडत मागून चालले होते.
आणि माझ्या मागून एस्पेरान्सा,
प्रत्येक गोलापाशी थांबत.
इथं देवाचं कपाट होतं, भावानं लिस्बनला नेलं,
खिळे उपटले त्याची ही भोकं.
आणि हे मीठ फुटलंय ना, चिऱ्यातून,
ते ट्रॉलर बंद होते त्या वर्षीचं,
खाऱ्या बांगड्याच्या गोणी इथंच रचल्या होत्या छातीएवढ्या.
म्हणजे समुद्राचं नाही,
उल्का म्हणाली, आणि वहीतली एक ओळ खोडली.

वासे ठणठणीत. रिपा मात्र
बोटानं दाबल्या तर चहातल्या बिस्किटासारख्या.
न्हाणीघरावरचा स्लॅब मागाहून घातलेला,
आतली सळई गंजून फुगलेली,
बाहेर फक्त केसाएवढी भेग.
विहिरीचं पाणी तिनं जिभेला लावलं.
मे महिन्यात मचूळ होत असेल.
एप्रिलात, एस्पेरान्सा म्हणाली.

अहवाल चौदा पानांचा, इंग्रजीत.
मी तो घेऊन किंमत पाडायला गेले.
तिला तो वाचून दाखवावा लागला,
ओळ न ओळ, माझ्या मोडक्या कोंकणीत,
आणि ती ऐकत राहिली
घरच्या माणसाचे रिपोर्ट ऐकावेत तशी.
किमतीचं बोलायला तोंड उघडलं
तर म्हणाली,
म्हाकाय एक कॉपी दी गो, बाये.
चाळीस वर्सां जालीं,
ह्या घराक खंय दुखता
तें कोणेंच म्हाका सांगूंक ना.

नाक्यावर झेरॉक्स काढली. अठ्ठावीस रुपये.

दीड महिन्यानं तिचा फोन.
रिपा बदलल्या. स्लॅब पाडला, पत्रा घातला.
जरा थांबून, आतां विकपाचें ना.
आणखी थांबून, राग आयलो?
आला होता. नाही म्हटलं.
उल्काचे नऊ हजार
कुठल्या खात्यात टाकायचे ते मला
आजतागायत सुचलेलं नाही.

डिसेंबरात गेले. का गेले, भावाला सांगता आलं नाही.
निळा रंग नव्यानं दिलेला,
गोल मात्र तसेच,
रंगाऱ्याला त्यांच्या कडेकडेनं ब्रश फिरवायला लावलेला,
त्यामुळं भिंत अशी दिसत होती
की कुणी मोठ्या हातानं चुका तपासल्यात.
पुसले नाहीत? मी विचारलं.
कशाला, ती म्हणाली, पोकळ आहेत अजून.
पैसे येतील तसं एकेक बुजवीन.

मी सवयीनं मोजले. दहा.
अकरावा कुठं होता,
ते ती सांगेना. हसत खुर्चीत बसली.
मी बोटाचं पेर वाजवत भिंतीशी निघाले.
पंखा तिनं आधीच बंद केला होता.